माझ्या शिंगाखालचे टाके

मित्रांनो, मी भिंतीवरचं सांबर आहे. सांबर म्हणजे काय, मान आणि डोकं. बाकीचं अंग नाल्यात कुत्र्यांनी फाडलं. पहूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक छोटं निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथे मी टांगलेलो असतो. तुमच्या सहली येतात, तुम्ही माझ्या नाकात बोट घालता. घाला बापडे, मला आता काही दुखत नाही.

मी मेलो एका पहाटे, रुपचंदच्या मक्यात. डुकरं येतात म्हणून त्याने शेताभोवती तार ओढली होती आणि तिच्यात घरच्या मीटरचा करंट सोडला होता. शिंगांत तार अडकली. मी मान झटकली तशी ती जास्तच गुंडाळली. मग काही नाही. रुपचंदने मला ओढत नाल्यात टाकलं आणि तार सोडवून पुन्हा शेताभोवती ओढली.

दोन दिवसांनी वनरक्षक संघमित्राताईंना मी सापडलो. शरीराच्या चिंधड्या झाल्या होत्या, डोकं मात्र शाबूत होतं. रीतसर परवानगी काढून त्यांनी ते पाचोऱ्याला चुडामण आबांकडे नेलं. आबांनी कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पक्षी-प्राणी पेंढा भरून ठेवले होते. ताई म्हणाल्या, "आबा, हा कशाने मेला ते काही कळलं तर सांगा."

आबांचा हात फार हलका. त्यांनी मानेमागून चीर दिली आणि शिंगाच्या बुडाशी हाडाची जी खडबडीत कडी असते, तिच्याभोवती कातडं सोडवायला घेतलं. तिथेच थांबले. कडीखालचे केस जळलेले, कातडं करपून कडक झालेलं, आणि त्यावर तारेचे वेढे स्पष्ट उमटलेले. आबांना सगळं समजलं. नाला कुणाच्या शेताला लागून आहे तेही ठाऊक होतं. रुपचंद त्यांच्या सख्ख्या बहिणीचा, पुष्पाबाईंचा मुलगा.

त्यांनी फोन करून त्याला बोलावलं. तो आला तो थेट वाकला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामा, कोनले सांगू नका. तार मी आजच काढी टाकस."

अरे देवा! आमच्या खान्देशात मामा भाच्याला पाया पडू देत नाही. भाचा पुजायचा असतो. आबा दचकून मागे सरले, त्यांचे डोळे भरून आले.

"ऊठ रे बाबा! भाचा पाया पडस का कधी? नाही सांगत. ऊठ."

एवढ्यावर सगळं मिटलं. त्यांनी साच्यावर कातडं चढवलं, मानेकडून थोडं जास्तीचं ओढून घेतलं, जळका काठ आत दुमडला आणि दाभणाने कडीखाली दाबून बसवला. एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत बारीक टाके घातले. वाळताना कातडं आकसतं आणि शिंगापासून सुटतं, म्हणून टाचण्या मारल्या, रोज सकाळी दाबून पाहिलं. काम इतकं सुबक की ताईंना टाका दिसेना. "मारल्याची काही खूण नाही," आबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. माझ्याखाली पाटी लागली : नैसर्गिक मृत्यू. मला फार राग आला, पण काचेच्या डोळ्यांनी कुणाला दटावणार?

रुपचंदने तार काढली, हे खरं. पुढच्या साली मका कणसाला आला, एका रात्रीत डुकरांनी दोन वाफे लोळवले, आणि त्याने ती पुन्हा लावली. रोज उजाडलं की आधी करंट बंद करायचा. एके दिवशी त्याचा डोळा लागला आणि करंट चालूच राहिला. पुष्पाबाई सकाळी त्याच्यासाठी भाकर घेऊन निघाल्या. बांधावरून आत जायला त्यांनी वाकून तार हाताने वर उचलली.

बहिणीला अग्नी देऊन तिसऱ्या दिवशी आबा इथे आले. संघमित्राताईंसमोर त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि कात्रीने माझे टाके उसवायला लागले. "बघा ताई," ते म्हणाले, "मी हे गेल्या वर्षी दाखवलं असतं तर माझी बहीण आज घरात असती." आणि स्टुलावरच बसून लहान मुलासारखे रडले. रुपचंदला पोलीस घेऊन गेले.

मला पुन्हा शिवायचं नाही, असं ताईंनी ठरवलं. कातडं शिंगापासून सुटून लोंबतं, आत करपलेला काळा वेढा दिसतो. तुमच्यातले काही जण "शी, किती घाण!" म्हणून पुढे जातात. मला वाईट वाटतं. जरा थांबत जा रे, नीट बघत जा.

आणि मित्रांनो, एवढं ऐका. शेताला अशी करंटची तार दिसली तर लगेच मोठ्यांना सांगा. ती परक्याची असली तर सांगाच. आपल्या मामाची, काकाची, बापाची असली, तर सगळ्यांत आधी सांगा.