शांत झालेल्या पेशी

नायट्रिक ऑक्साइड हा वायू म्हणजे माणसाच्या देहातला आगीचा बंब. तो पोचला की रोगप्रतिकारक पेशींचा दंगा शमतो आणि सूज ओसरते. हे सत्य चिमीने सहा वर्षं उराशी बाळगलं. मंगळवारी दुपारी सव्वातीनला ते गेलं.

चिमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय चौतीस, पीएचडी चालू. दादाची बोटं सांध्यांच्या आजाराने आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. दर महिन्याला तो प्रयोगशाळेत येऊन बाही वर करायचा. "घे, पण वाया घालवू नकोस हं."

त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती बशीत ठेवायची, जंतूंचा अर्क घालून चिडवायची आणि वर नायट्रिक ऑक्साइड सोडणारं औषध टाकायची. चिडलेल्या पेशी एकमेकींना सूज वाढवणारे निरोप धाडतात. औषध पडलं की निरोप बंद. तिचे मार्गदर्शक सर खूश, दादा त्याहून खूश.

औषधाची भुकटी सोमवारी विरघळवायची आणि शनिवारपर्यंत फ्रीजच्या दारात ठेवून वापरायची, ही सरांच्या सरांपासून चालत आलेली रीत. वायू आहे ना, हे रोज तपासत. थेंबभर रसायन घातलं की गुलाबी रंग यायचा. शनिवारीही झकास गुलाबी.

प्रबंधाच्या परीक्षकाने एकच शंका काढली: वायू पार उडून गेलेलं औषध घालून पाहिलंत का?

"खोचक माणूस," सर म्हणाले. "करून टाक, तोंड बंद होईल त्याचं."

तिने औषध आठवडाभर उघडं ठेवलं आणि मग पेशींवर घातलं. पेशी तेवढ्याच शांत. रंग तेवढाच गुलाबी. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गुलाबी रंग वायूचा नव्हताच. वायू विरल्यावर मागे उरतो त्या नायट्राइटचा होता. राख बघून चूल पेटलीय म्हणण्यासारखी गत. वायू दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीआधीच निघून जात होता.

मग पेशींना गप्प कोण करत होतं? मेलेल्या पेशीच आत घेतात असा एक निळा रंग असतो. तो प्रयोगाआधी, पेशी मोजताना घालायची पद्धत होती, नंतर नव्हे. दंगा करणाऱ्यांची चौकशी होते, गप्प बसलेल्यांची कोण करतो? तिने तो आता घातला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं निळंच निळं. औषधाच्या उरलेल्या चोथ्याने पेशी मारल्या होत्या.

"शांतच आहेत ना पण?" सर म्हणाले.

"मेल्यात, सर."



चारला दादा आला, बाही वर करतच. तिने सगळं सांगितलं. तो सुजलेल्या बोटांनी बाहीचं बटण लावू लागला, लागेना. तिने लावून दिलं.

"म्हणजे सहा वर्षं माझं रक्त घेऊन तू…"

"हो."

"आणि मी ऑफिसभर सांगत सुटलो, बहीण औषध काढतेय म्हणून." तो हसला, पण अर्ध्यातच थांबला. "पुढच्या महिन्यात येऊ का गं?"

हाताला चाळा म्हणून तिने भुकटीचं खोकं उघडलं. तळाशी घडी न मोडलेला कागद होता. त्यावर छापलं होतं: विरघळवल्यावर ताबडतोब वापरावे.