बारशाचा दोर

बारशाच्या सकाळी बाळ जड झालं. दिसायला तेवढंच होतं, मुठी तेवढ्याच, पण मांडीवर घ्यायला गेले तर ते गादीवरून हललं नाही. नवऱ्यानं, निरंजननं, दोन्ही हात घालून जोर लावला. त्याची कंबर धरली. बाळानं जांभई दिली.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, वजन वाढतंय ना, मग कसली काळजी. सासूबाईंचं म्हणणं, पहिलं मूल जडच असतं, आम्ही बोललो नाही इतकंच.

पण पाळण्यात घालायचं तर उचलायला हवं होतं. आणि आत्या, म्हणजे माझी नणंद शर्वरीताई, नियमाच्या पक्क्या. बाळ पाळण्यात गेल्याशिवाय त्या कानात नाव सांगणार नव्हत्या.

"आज नाव पडलं नाही तर?" मी विचारलं.

"तर नाही पडलं. हाक कशी मारायची ते तुझं तू बघ."

मी फिजिक्सची बीएस्सी आहे. गादीखाली पहार घातली, टेकूला वरवंटा ठेवला. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. पहारीच्या टोकावर तीन मावश्या बसल्या. गादी चारही कडांनी वर आली, मधे बाळ होतं तिथेच.

मग पाळण्याच्या हुकाला कप्पी लावली, दोराचं टोक बाळाच्या दुपट्याला गाठ मारून बांधलं. एका कप्पीनं भार कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. मी दोर खाली ओढला आणि मीच वर गेले. छताजवळून बाळ फार गोड दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, वर गेलीच आहेस तर पंखा पुसून घे.

शेजारच्या बायकांनी आपापल्या कप्प्या आणल्या. त्या सगळ्यांतून दोर फिरवला तेव्हा मला तो दोन बोटांनी ओढता येऊ लागला. निरंजननं धरून बघितला, तर त्याच्या हातात तो पूर्वीइतकाच जड. तेव्हा मीच. फक्त, बाळ बोटभर वर यायला मला खोलीभर मागे जावं लागत होतं.

मी दाराशी पोचले. सासूबाई मागून म्हणाल्या, बाळंतीण आहेस, कान बांधून जा. त्यांनीच रुमाल बांधला, कारण माझे हात दोराला होते.

मी उलटी चालत जिना उतरले, गल्ली ओलांडली. मागे तळमजल्यावरच्या बाईंनी दोरावर साड्या वाळत घातल्या. घरचा निरोप दारादारातून पुढे येत होता: अजून ओढ. बाजार संपला. अजून ओढ. नदीच्या पुलावर निरोप आला, पोचलं पाळण्यात, पण खाली टेकवलं तर पाळणा तुटेल, दोर ताणूनच धर.

मी धरला. शर्वरीताई आता वाकल्या असतील, असं मनात येतंय तोच पुढचा निरोप आला. बाळ भुकेनं रडतंय, त्या आवाजात नाव ऐकू जाणार नाही. आधी पाज, मग नाव.

मी परत गेले तर बाळ खाली जाणार. इथंच थांबले तर ते रडत राहणार. माझा ब्लाऊज भिजायला लागला होता.

मग रडणं थांबल्याचा निरोप आला. त्याला तोंडाजवळ दोराची गाठ सापडली होती.

माझ्या हातातला दोर हलला. दोन लहान हिसके, मग दम, पुन्हा दोन. बाळ पितं तसेच. त्याच्या एका घोटाला मी इकडे अर्धा पूल घराच्या दिशेनं फरफटत गेले. दुसऱ्या घोटाला चपला मागेच राहिल्या.