राखाडी अक्षरांतला पत्ता

मी आता ठळक काळ्या अक्षरांत बोलतेय, म्हणून तुम्ही थांबून ऐकताय. जन्मले तेव्हा माझी अक्षरं राखेसारखी फिकी आणि मुंगीएवढी बारीक होती. त्याचंही काही वाटलं नसतं, पण मी एका चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट आहे. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी मला उभं केलं, आणि फक्त धडधाकट डोळ्यांच्या माणसालाच मी वाचता येईन अशी चोख व्यवस्था केली. हे सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. वर्षभर मी तोंड असून मुकी होते.

माझे मालक चष्मे करतात. त्यांचं दुकान हमरस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि कोपरा गेला. मालक मागच्या गल्लीत, एका छापखान्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर गेले. खाली पाटी लावायला घरमालकाने मनाई केली. जुना फोन नंबरही कोपऱ्याबरोबरच गेला. अर्ध्या गावाला चाळिशी ज्यांनी करून दिली, त्या माणसाने दुकान बंद केलं असं गाव धरून चाललं.

म्हणजे माझं काम एका दमात सांगण्यासारखं होतं. आम्ही इथे आहोत, हा पत्ता, हा नंबर, या वेळेत या. पण एवढंच सांगायचं, तर बनवणाऱ्याचं कौतुक कसं व्हायचं?

बनवणारा घरचाच होता. मालकांचा जावई. शहाणा, कष्टाळू, सासरी आला की हात जोडूनच आत येणारा. पण सगळ्या जगाचे डोळे आपल्याएवढेच तरुण आहेत अशी त्याची ठाम समजूत. मालकांनी त्याला मोकळेपणाने सांगितलं होतं की वर्ष भरेपर्यंत जुनी गिऱ्हाइकं परतली नाहीत, तर दुकानाला कुलूप लावून बाजारातल्या चकचकीत चष्मा-दालनात नोकरी धरणार. तिथे म्हणे गळ्यात ओळखपत्राची दोरी घालतात. मालकीणबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं पुसून झालेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं. जावई म्हणाला, काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोडा.

सोडलं.

मला दाखवायला आणलं ती संध्याकाळ मी विसरणार नाही. भल्यामोठ्या पडद्यासमोर घरातले सगळे ओळीने बसले. सर्वांत वर समुद्रकिनाऱ्यावर हसणारं एक अनोळखी जोडपं, काळे गॉगल लावलेलं. ते सरकलं, दुसरं आलं, तेही हसत होतं. त्याखाली तीन शब्द : दृष्टी. शैली. तुम्ही. याचा अर्थ काय ते मलाही अजून कळलेला नाही. फोन नंबर कुठे होता? अगदी तळाशी, जावयाच्या कंपनीच्या नावाखाली, राखाडी. दुकानाची वेळ नव्हतीच. आणि हे धड पाहून व्हायच्या आधीच एक चौकोन टुणकन उडी मारून आडवा येई, 'आमच्या परिवारात सामील व्हा' म्हणत. तो बंद करायची फुली कोपऱ्यात, खसखशीच्या दाण्याएवढी.

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा नाकावर घेतला, मान पुढे-मागे करून पाहिली, आणि म्हणाले, "छान."

मालकीणबाई म्हणाल्या, रंग शांत आहे. लेकीला सगळं दिसत होतं. "अक्षरं जरा..." एवढं ती बोलली आणि आईचा पाय तिच्या पायावर पडला. जावयाला नावं ठेवायची रीत त्या घरात नव्हती. नवग्रहांची शांत करता येते, या दहाव्या ग्रहाची कुणी करायची? अशा रीतीने, एक अक्षरही न वाचता, मला सर्वानुमते मंजुरी मिळाली. कचेरीत पुष्कळ कागद असेच मंजूर होतात म्हणतात. पण तिथे निदान लोक न वाचल्याचं कबूल करतात.

मग सुरू झाली माझी शोभा. दर महिन्याला जावई यायचा आणि सांगायचा की भेटी वाढल्या. वाढल्याच होत्या! माणसं येत होती, मी त्यांना पाहत होते. कुणी फोन लांब धरायचं, कुणी नाकाला लावायचं, कुणी सदऱ्याच्या टोकाने पडदा पुसायचं, जणू दोष धुळीचा आहे. एका आजोबांनी तर माझ्यावर फुंकर मारली. चौकोनाची फुली दाबायला जावं तर बोट 'सामील व्हा'वर पडायचं. मग माणूस दचकून निघून जायचा, आणि जावयाच्या हिशेबात एक भेट जमा व्हायची. दारातून माघारी गेलेल्याला गिऱ्हाईक समजणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय? मी पाहिला. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, वर कुत्र्याच्या भेटी मोजल्या जात होत्या.

गिऱ्हाईक येईना तेव्हा त्याने जाहिरातीचा जोर वाढवला. रोज सकाळी दुकानाच्या नावाने लोकांच्या फोनवर गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात'. दुकान कुठे आहे ते नाहीच, नुसता गुलाब. लोकांनी कंटाळून तो पाठवणारा नंबरच ब्लॉक करून टाकला. ज्यांना आमचा पत्ता हवा होता, त्यांनीही.

मालक वर बसून घासून ठेवलेली भिंगं पुन्हा घासत होते. वर्ष सरत आलं होतं.

अशात मालकीणबाईंना रस्त्यात जुन्या गिऱ्हाईक शिंपीणबाई भेटल्या. नाकावर नवीन चष्मा, बाजारातल्या दालनातला, आणि त्यातून नीट दिसावं म्हणून मान पोपटासारखी तिरपी धरलेली.

"दुकान बंद केलंत, निदान कळवायचं तरी."

"बंद कुठे? मागच्या गल्लीत आहोत. वेबसाइटवर सगळं दिलंय की."

"पाहिली ना. चष्मा फुटला म्हणूनच तर पाहिली." शिंपीणबाईंनी मान आणखी तिरपी केली. "अहो, तुमच्या भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता होता, त्यात निदान पहिली ओळ तरी मोठी असायची."

मालकीणबाईंनी दुकानात येऊन हे शब्दन् शब्द सांगितलं. मालकांनी हातातली कानस खाली ठेवली. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापूंना रविवारी जेवायला बोलवा."

जेवण झालं, पान-सुपारी झाली, आणि मालक त्याला दुकानात घेऊन गेले. दिवसभर पडद्यासमोर बसता, डोळे तपासून देतो म्हणाले. जावई खुशीने खुर्चीत बसला. मालकांनी त्याच्या नाकावर तपासणीची गोल चौकट चढवली आणि तिच्यात दोन भिंगं टाकली. मग खिशातून फोन काढला, मला उघडलं, आणि हातभर लांब धरलं.

"वाचा."

"बाबा, हे धूसर दिसतंय."

"साठी उलटली की असंच दिसतं. वाचा."

जावयाने मान पुढे काढली. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती होती तिथे आणली.

"वर एक बाई आहे. हसतेय बहुतेक."

"ती आपल्याकडे चष्मा करत नाही. पत्ता वाचा."

इतक्यात चौकोन आडवा आला. जावयाने बोट पुढे केलं, ते चुकीच्या जागी पडलं, पुन्हा पडलं. आपल्याच हाताने लावलेल्या दारात तो अडकला होता, आणि खरं सांगते, मला समाधान वाटलं. शेवटी तो कावून म्हणाला, "पण नंबर कुठे आहे?"

मागोमाग येऊन दारात उभी राहिलेली लेक बोलली. "वर्षभर हेच विचारून लोक परत गेलेत. तुला विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही."

"छान मीच म्हणालो होतो," मालक म्हणाले. "काही न वाचता."

चौकट नाकावर तशीच ठेवून जावयाने मान वळवून भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. त्या भिंगांतूनही वरची ओळ त्याला दिसली.

त्या दिवशी मला त्या तक्त्यावरून पुन्हा घडवलं. सर्वांत वर, पाटीएवढ्या अक्षरांत : चष्मा तुटला? या, दुरुस्त करतो. खाली नंबर, बोट लावलं की फोन लागेल असा. मग पत्ता, छापखान्याच्या वर, उजव्या हाताचा जिना. जिन्याचा फोटो. वेळ. आणि हसऱ्या जोडप्याच्या जागी मालक, न हसणारे, पण खरे. चौकोन हाकलला. मालकीणबाईंनी चाळिशी बाजूला काढून ठेवून मला वाचलं. शेवटची ओळ सोडून सगळं वाचता आलं. शेवटची ओळ जावयाच्या कंपनीच्या नावाची होती. ती मालकांनी तशीच ठेवायला सांगितली.

शिंपीणबाई पहिल्या आल्या, तिरप्या मानेने जिना चढून. गेल्या तेव्हा मान सरळ होती. फुंकर मारणारे आजोबाही आले. मालक दालनात गेले नाहीत. दुकान बंद करायला म्हणून आणलेलं कुलूप रोज रात्री दाराला लागतं आणि सकाळी निघतं, कुलपाने करावं तसं.

तरी माझा राग गेलेला नाही. परवाच कळलं, जावयाच्या कंपनीच्या पानावर माझं जुनं रूप अजून टांगलेलं आहे. वर लिहिलंय, 'आमचं निवडक काम'. तेही राखाडीतच.

दुकानदारांनो, माझ्या भावंडांना जगापुढे उभं करण्याआधी एक करा. आईचा चष्मा काढून ठेवा आणि फोन तिच्या हातात द्या. ती 'छान' म्हणेल. विश्वास ठेवू नका. नंबर मोठ्याने वाच म्हणा.