तहानलेली हवा

मुकुंदवाडी स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत त्या सकाळी एवढी गर्दी जमली, की पॅसेंजरमधून उतरलेली माणसंही पिशव्या सांभाळत तिथंच थबकली. मधोमध कडूबाचा जुना ट्रक होता. बोनेट उघडलेलं, त्यावर काळं कापड, आणि कापडात कमरेपर्यंत शिरलेले धुरीबाबा. बाहेर दिसत होते ते नुसते पाय.

आतून मंत्र चालले होते. त्यांत थोडं संस्कृत, थोडं उर्दू, आणि मधूनच मक्याचा भाव पुकारल्यासारखं काहीतरी. मग फुस्स असा आवाज झाला आणि बाबांचा हात बाहेर आला. हातातल्या पितळी ताटलीत पिवळट फेस होता, बुडबुडे अजून फुटत होते.

"तहानलेल्याच्या तोंडचा फेस," बाबा म्हणाले.

त्यांनी खूण केली, तसा कडूबाचा धाकटा भाऊ रामकिसननं स्टार्टर मारला. रात्रभर मुकी पडलेली गाडी दोनदा खोकली आणि धडधडून सुरू झाली. लोकांनी हात जोडले. कुणी नारळ फोडला.

कडूबाची बायको आवडाबाई दारात उभी राहून हे बघत होती. नारळ फुटलेला तिला दिसला. आवाज कुठं दुसऱ्या गल्लीत झाल्यासारखा वाटला. दीड महिना तिचं असंच चाललं होतं. तव्यावर बोट पोळलं तरी ते परक्याचं असल्यागत ती बघत राहायची.

कडूबा निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्मला आणि छत्तिशीतच गेला. त्या सोमवारी ती पोथीला बसली होती. आरती होईस्तोवर पाटावरून उठायचं नाही, असा तिचा नेम. गाडीकडून त्यानं पाणी मागितलेलं तिला ऐकू आलं. एवढा अध्याय संपू दे, म्हणून ती बसली. तांब्या घेऊन गेली तेव्हा तो केबिनमध्ये स्टेअरिंगवर डोकं टेकून गेलेला. डॉक्टर म्हणाले होते, हृदय एकदम थांबलं, पाण्यानं काही झालं नसतं. ते तिनं ऐकलं होतं, पण आत पोचलं नव्हतं. पाण्याची गोष्ट तिनं सासूलाही सांगितली होती.

धाकटा दीर रामकिसन ट्रक चालवायला घेणार होता. सिल्लोडचा कापूस आणायचा होता. पण महिनाभर उभी राहिलेली गाडी निघायच्या सकाळी सुरूच होईना. रहीम मिस्त्री सिल्लोडला भाचीच्या लग्नाला निघाले होते. जाता जाता त्यांनी वाकून पाहिलं, स्टार्टर मारायला लावला आणि आवडाबाईच्या सासूला, लक्ष्मीबाईला, सांगितलं, "काकी, गाडीनं हवा धरलीय. आल्यावर बघतो."

मिस्त्री गेले. शब्द मागं राहिला.

लक्ष्मीबाईच्या गावी हवा म्हणजे एकच. भर दुपारी चिंचेखालून जाणाऱ्याला लागते ती. संध्याकाळपर्यंत भुतं उतरवणारे धुरीबाबा दारात होते. त्यांनी गाडीखाली सगळ्यांना वाकायला लावलं. जमीन कोरडी, तेलाचा एक थेंब नाही. मग रात्रीतून इंजिनातलं डिझेल जातं कुठं? "तो पितो," बाबा म्हणाले. "त्याची तहान राहिलीय."

तीन सकाळी तीन ताटल्या फेस निघाला. दिवसा गाडी चालायची, सकाळी पुन्हा मुकी. चौथ्या दिवशी बाबांनी सांगितलं, की जिच्या हातचं पाणी अडलं ती घरात असेस्तोवर हवा उतरायची नाही. अमावस्येला तिनं चार माणसांत कबूल करून उंबरा ओलांडावा आणि पुन्हा येऊ नये. रामकिसन खाली बघत राहिला. लक्ष्मीबाईनं पदर डोळ्यांना लावला, पण नाही म्हणाली नाही. आवडाबाईनं गाठोडं बांधलं. तिला ते खरंच वाटत होतं.

आज तीच अमावस्या. गाठोडं तिच्या पायाशी होतं.

गर्दीतून रहीम मिस्त्री पुढं आले. नुकतेच एसटीतून उतरले असावेत, लग्नाची मिठाई हातात होती. त्यांनी रामकिसनकडून सगळं ऐकून घेतलं आणि गाडी बंद करायला सांगितली. मग लक्ष्मीबाईकडं वळले. "काकी, मी कुठली हवा म्हणालो? आपन श्वास घेतो ती."

"मिस्त्री, तुमची विद्या लोखंडाची," बाबा म्हणाले. "हे वरचं हाय."

"असंल. झोळीत पाना कशाला मग?"

झोळीच्या भोकातून पान्याचं टोक बाहेर आलं होतं. गर्दीत कुणी हसलं. मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "हा बाबा तर आमच्याकडं ट्रकवर क्लीनर होता."

मिस्त्रींनी कापड काढलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, बाजूचा छोटा हातपंप दाबला. फुस्स करून तसाच फेस आला. मंत्र नव्हता. "डिझेलमध्ये हवा शिरली की इंजिन मरतं. ही हवा काढली की चालू. कुनीबी काढावी. पन आत येते कुठून, ते बाबांनी बघितलं नाय. बघितलं असतं तर उद्या कामच नव्हतं."

गवंडी लेव्हलला वापरतात तसली पारदर्शक नळी त्यांनी फिल्टरकडं येणाऱ्या पाइपात जोडली आणि गाडी सुरू करायला लावली. नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे पळताना शाळकरी पोरांनाही दिसले. "टाकीपासून पंपापर्यंत इंजिन डिझेल ओढून घेतं. तिथं चीर असली तर थेंब बाहेर पडत नाय, उलट हवा आत जाते. चालताना थोडी हवा इंजिन खपवतं. पन रातभर उभी ऱ्हायली की चिरेतून हवा शिरते आन् डिझेल मागं टाकीत उतरतं. पीत कुनी नाय."

मग ते गाडीखाली गेले आणि पाइप चाचपत बराच वेळ पडून राहिले. बाहेर आले तेव्हा तळहातावर वाळून तडकलेला साबणाचा गोळा होता, त्यात सूत गुंडाळलेलं.

"भाभी, हे कडूबाचं काम. चिरेवर सूत आन् ओला साबन. दर आठवड्याला नवा चोपडत असंल. तो गेला, साबन वाळला."

चिरेवर रबर आणि पट्टी आवळल्यावर नळीतलं डिझेल स्वच्छ वाहू लागलं. लोक ते बघत होते. बाबा कधी गेले ते कुणी पाहिलं नाही.

आवडाबाई गोळा हातात घेऊन बघत होती. सूत तिचंच, वातींचं. देवघरातलं ते रीळ हरवलं म्हणून तिनं श्रावणात घरभर शोधलं होतं. साबणात अंगठ्याचा ठसा उमटला होता. त्यावर तिनं आपलं बोट टेकवलं. बोट पोळलेलं होतं. ते दुखलं.

रामकिसननं तिचं गाठोडं उचलून आत नेलं.

"वैनी, माझं चुकलं," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली. आवडाबाईची वात तेव्हा लागली होती. देवापुढं दिवा रोज लावावा. त्यानं मन थाऱ्यावर राहतं. पण बंद पडलेल्या गाडीचं पाप कुण्या बाईच्या पदरात टाकण्याआधी एक नळी लावून बघावी. देव त्यानं रागावत नाही. बुद्धी त्यानंच दिलेली आहे.