ओळंबेकाकांची वाकडी वाट

ओळंबेकाकांनी कुंपणाच्या पहिल्या खांबासाठी पहार उचलली, तोच एक आजी त्यांनी ताणलेली दोरी ओलांडून पलीकडे गेल्या. हातात डबा, काखेत उशी. काकांनी त्यांना कडेच्या फरशीवरून जायला सांगितलं. आजी थांबल्या नाहीत.

"ती वाट तुमच्या कागदाला बरी," जाता जाता त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांना हीच बरी."

काका गवंडी. भिंत सरळ उभी आहे ना, हे पाहायचा ओळंबा कायम त्यांच्या खिशात असे. त्यावरून हे नाव पडलं. अडतीस वर्षांत त्यांची एक भिंत वाकडी निघाली नव्हती. यांचं डोकंसुद्धा काटकोनातच चालतं, असं काकू म्हणत. आता कंबर कुरकुरायला लागली होती. इस्पितळातलं हे काम झालं की थापी ठेवून द्यायची, असं ठरलं होतं. काम साधंच होतं. लोक दोन इमारतींमधली फरशी सोडून हिरवळ तुडवत जात, म्हणून हिरवळीला कुंपण घालायचं. पाट्या लावून झाल्या होत्या, रखवालदाराचा घसा बसला होता, पण वाट काही बुजत नव्हती.

आजी गेल्यावर काका त्या मळलेल्या वाटेकडे बघत राहिले. ती सरळही नव्हती. मधेच उगाच डावीकडे झुकत होती. जवळचा रस्ता काढायचा तर दोरीसारखा सरळ का नाही काढला, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी नळीत पाणी भरून पातळी धरली. सरळ गेलं असतं, तर मधे जमीन चार बोटं खोल होती. पाऊस झाला की तिथे आठ-आठ दिवस डबकं राहतं, असं माळ्याने सांगितलं. वाट त्या डबक्याला वळसा घालून झाडाच्या सावलीतून जात होती. कोणी मापं घेतली नव्हती, कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. काकांना आपल्या दोरीचं हसू आलं.

त्यांनी ती गुंडाळली आणि थेट मोठ्या डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभे राहिले. कुंपण घालणार नाही, म्हणाले. त्याच पैशांत वाटेवर फरशी बसवून देतो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. नकाशा मंजूर झालाय, तुम्हाला जमत नसेल तर दुसरा गवंडी मिळेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"मिळेल की," काका म्हणाले. "पण एकदा चालून बघा, बाई. ही वाट मी नाही काढलेली. हजार पायांनी काढलीय."

बाई हातातल्या फाइलसकट उठल्या. वाटेवरून पलीकडे गेल्या, क्षणभर सावलीत थांबल्या आणि आल्या तशा परत आल्या. वाकडं काम तुम्हाला जमेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

नऊ दिवस लागले. वळणावर प्रत्येक फरशी वेगळी कापावी लागली. येणारेजाणारे थांबून सल्ले देत आणि एरवी कोणाचं न ऐकणारे काका ऐकून घेत. डबेवाल्या आजींनी तर एक फरशी वीतभर सरकवायला लावली. काकांनी सरकवली, आणि ती तिथेच शोभली.

काम संपलं आणि काका घरी बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा पिता पिता ते काकूंची लगबग बघत होते. ओटा त्यांनीच बांधलेला, चोख काटकोनाचा. त्याच्या कोपऱ्याशी आल्या की काकू अंग चोरून, तिरक्या होऊन पुढे सरकत. एकदा, दोनदा, पाचदा. सव्वीस वर्षं हे चाललं होतं आणि काकांनी आज पाहिलं.

"लागतो होय तो कोपरा? कधी बोलली नाहीस."

"आल्यागेल्याला तुम्ही तो कौतुकाने दाखवायचात," काकू म्हणाल्या. "मग काय बोलू?"

काकांनी कप खाली ठेवला आणि छिन्नी शोधायला उठले. दिवसभर त्यांनी तो कोपरा फोडला, लिंपला, तळहाताने पुन्हा पुन्हा गोल केला.

दोन दिवसांनी तो वाळला. काकू दोन्ही हातांत भरलेलं पातेलं घेऊन आल्या, ओट्यापाशी सवयीने थबकल्या, आणि मग अंग न चोरता पुढे गेल्या.