आयलर्टचा चेंडू आणि आइडर बदकीण

स्कार्वनेसचं गोल्फचं मैदान कुणी आखलं असं विचारलं, तर गावातले लोक मेंढ्यांकडे बोट दाखवायचे. ते काही अगदीच खोटं नव्हतं. बंदराच्या पाठीमागच्या खडकाळ उतारावर मेंढ्यांनी जिथे जिथे गवत बारीक कुरतडलं होतं, तिथे तिथे बोर्गहिल्डच्या वडिलांनी कधीकाळी पहारीने एकेक होल खणून ठेवलं, आणि झेंड्याऐवजी जाळ्याच्या नारिंगी काठ्या रोवल्या. नऊ होलं झाली आणि जमीन संपली. पुढे सगळा समुद्र. तिसऱ्या होलाला चेंडू कॉड मासे वाळवायच्या मांडवांवरून मारावा लागे, सहाव्याला ओहोटीची वाट बघावी लागे, आणि नववं होल थेट धक्क्याला लागून, उपड्या घातलेल्या जुन्या होडीशेजारी होतं.

या मैदानाची सगळी जबाबदारी आता बोर्गहिल्डवर होती. साठी उलटलेली, अंगाने दणकट, आवाज असा की धक्क्यावरून हाक मारली तर खाडीच्या तोंडाशी असलेली होडी वळून बघेल. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तिने मेंढ्या पाळल्या, मैदान सांभाळलं आणि क्लबचं अध्यक्षपद घेतलं. घेतलं म्हणजे, दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

दर वर्षी संत हान्सच्या सणाला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, स्कार्वनेस आणि फ्योर्डच्या लांब खाडीपलीकडचं लांगोरा या दोन गावांचा सामना व्हायचा. दोन्ही गावं मिळून मूठभर माणसं, पण त्या दिवशी गुर्मी अशी की राजधानीत तरी एवढी असेल का. शेवटचा डाव दोन्ही कप्तानांचा. स्कार्वनेसची कप्तान बोर्गहिल्ड, आणि लांगोराचा कप्तान आयलर्ट, तिचा सख्खा थोरला भाऊ. लग्न करून तो बायकोच्या गावी राहायला गेला त्याला जमाना लोटला होता, तरी स्कार्वनेसमध्ये अजून त्याचा उल्लेख "फुटलेला" असाच व्हायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी आयलर्टची बायको ओलाउग गेली. तेव्हापासून तो गप्प गप्पच झाला. बोर्गहिल्ड फोन करायची, तो हवा कशी आहे तेवढं सांगायचा. ये म्हटलं की कामं आहेत म्हणायचा. कसली कामं, हे तिने विचारलं नाही. वर्षातून एकदा सामन्याला मात्र तो न चुकता येई, खेळे, आणि भरती उलटायच्या आत परत जाई.

त्या वर्षी एका आइडर बदकिणीने नवव्या होलाच्या हिरवळीवरच घरटं केलं. उपड्या होडीच्या आडोशाला, झेंड्यापासून चार पावलांवर, स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपसून तिने गादी केली आणि बसली. अंडी उबवणाऱ्या आइडरला या किनाऱ्यावर कुणी हात लावत नाही. आजोबांच्या काळात तर लोक त्यांच्यासाठी लाकडी घरं बांधून ठेवायचे. बोर्गहिल्डने तिच्याभोवतीचं गवत तेवढं कातरलं आणि गावाला बजावून टाकलं की बाईसाहेब बसल्या आहेत, आवाज खाली ठेवा.

सामना नेहमीप्रमाणे अटीतटीचा झाला. बोर्गहिल्डने नववं होल पुरं केलं. आता आयलर्टला हिरवळीवर चेंडू आणून एका फटक्यात होलात घालायचा होता. घातला की कप लांगोराचा. दोन फटके लागले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की कप जुन्याच मालकाकडे, म्हणजे स्कार्वनेसकडे राहायचा.

आयलर्टने लांबून चेंडू मारला. तो उंच गेला, होडीच्या फळीवर आपटला आणि घरंगळत येऊन बदकिणीच्या शेजारी थांबला. बदकिणीने मान वळवली. चेंडूकडे जरा वेळ बघितलं. मग लांब मान पुढे काढून, चोचीच्या खालच्या बाजूने तिने तो हळूच ओढला, पोटाखाली घेतला आणि वर पिसं सारखी केली.

दोन्ही गावं माना पुढे काढून बघत होती.

"दत्तक घेतलान," बोर्गहिल्ड म्हणाली.

हसण्याचा पूर उतरायला बराच वेळ लागला. मग सगळे पंचांकडे वळले. पंच म्हणजे पाद्रीणबाई सिन्नोवे. त्या दक्षिणेकडून आलेल्या होत्या, दोन्ही गावांना सारख्याच परक्या, म्हणून दोन्ही गावांना मान्य. त्यांनी दोन्ही गावांचा जुना करार तोंडपाठ म्हणून दाखवला: जनावराने चेंडूचं जे काही केलं असेल ते केलं, ते चेंडू जिथे नेऊन ठेवेल तिथूनच पुढचा फटका. तिथून मारता येत नसेल तर एक फटका दंड भरून चेंडू बाजूला घ्यावा. मात्र जनावराला त्रास द्यायचा नाही.

गंमत अशी की हा नियम आयलर्टनेच भांडून करून घेतला होता. एका वर्षी डोमकावळ्याने त्याचा चेंडू चोचीत धरून थेट होलाच्या काठावर नेऊन टाकला होता, आणि तो नियमाच्या जोरावर जिंकला होता. स्कार्वनेसच्या लोकांना ते अजून झोंबत होतं. आता एकेकजण येऊन त्याला नियमाची आठवण करून देऊ लागला.

"दंड भर आणि मोकळा हो," बोर्गहिल्डने सुचवलं. "बरोबरीत काही कमीपणा नाही."

आयलर्टने टोपी मागे सारली. "दंड कधी, तर फटका मारता येत नसेल तेव्हा. मला मारता येतो. बाई उठल्या की मारीन."

"त्या पिल्लं घेऊन उठतील. तीनेक आठवडे तरी लागतील."

"लागू देत. मला कुठे जायचंय?"

पाद्रीणबाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि सांगितलं की नियमात घाई करा असं कुठेच म्हटलेलं नाही. सामना चालूच आहे असं त्यांनी जाहीर केलं. लोक वाफल आणि तपकिरी चीज खाऊन आपापल्या गावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्गहिल्ड मेंढ्या सोडायला बाहेर पडली, तर धक्क्याला आयलर्टची होडी. तो मासळीच्या रिकाम्या खोक्यावर, बदकिणीपासून बेताच्या अंतरावर बसला होता, शेजारी स्वतःचा थर्मास. चेंडूवर लक्ष ठेवायला आलोय, म्हणाला. स्कार्वनेसच्या लोकांचा काही भरवसा नाही. ती म्हणाली की चेंडू बदलायचाच असता तर आम्ही रात्रीच बदलला असता. तो म्हणाला, म्हणूनच उद्यापासून आणखी लवकर येणार.

आणि आला. रोज येऊ लागला. पहिले दोन दिवस स्वतःची कॉफी प्यायला, तिसऱ्या दिवशी थर्मास विसरला. बोर्गहिल्डने किटली बाहेर आणली. मग किटलीबरोबर वाफल आले, वाफलबरोबर मुरांबा, आणि मुरांब्याबरोबर भांडणं. आईच्या हातची माशाची आमटी घट्ट होती की पातळ, यावर एक अख्खी दुपार गेली. लहानपणी बर्फातल्या घसरगुंडीवरून आधी कोण पडलं यावर दुसरी. आयलर्टचं म्हणणं, बोर्गहिल्ड पडली. बोर्गहिल्डचं म्हणणं, तिला ढकललं होतं.

बसून बसून तो कंटाळेल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी त्याने मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटलेलं जाळं विणून काढलं. झेंड्यांच्या काठ्या रंगवल्या. मधून मधून तो बदकिणीला बाहेरच्या बातम्या सांगायचा: वारा कुठला आहे, हेरिंग मासा किती आत आलाय, लांगोरात कुणी नवीन इंजिन घेतलंय. बदकीण डोळे अर्धवट मिटून ऐकायची.

"माझ्याशी फोनवर चार वाक्यं बोलत नाहीस," बोर्गहिल्ड म्हणाली, "आणि हिला सगळं पुराण सांगतोस."

"ही मधे बोलत नाही," आयलर्ट म्हणाला.

गावालाही हा खेळ आवडला. कामावर जाता येता लोक थांबून चेंडू कसा आहे विचारू लागले. कारखान्यातल्या बायकांनी चेंडूचं बारसं करायचं ठरवलं होतं, पण नाव कुणाच्या बाजूचं ठेवायचं यावर अडलं.

एके दिवशी सकाळी पाऊस तिरका येत होता, वारा असा की खोकं उडून जाईल. आयलर्ट ताडपत्री पांघरून बसला होता, नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. बोर्गहिल्डला त्याची दया आली. ती छत्री घेऊन गेली आणि म्हणाली, "हे बघ, पुरे झालं. मी कप्तान म्हणून सांगते, तू दुसरा चेंडू घे, इथेच ठेव, फटका मार. गेला तर कप तुझा. माझी काही हरकत नाही."

तिला वाटलं तो खूश होईल. पण त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या पायाखालची शिडी काढून घेतली. तो बदकिणीकडे बघत राहिला.

"नियम म्हणजे नियम," तो शेवटी म्हणाला. "उगाच मोडायचे नाहीत."

बोर्गहिल्ड काहीतरी खोचक बोलणार होती. मग तिला त्याचं लांगोरातलं घर आठवलं. ओलाउगला पोचवायला गेली होती तेव्हा पाहिलेलं. खिडकीत कॉफीचा एकच कप, उपडा घातलेला. तिने छत्री त्याच्या हातात दिली आणि आमटी गरम करायला घरात गेली. त्या दिवसापासून तिने दुसऱ्या चेंडूचा विषय काढला नाही, आणि पाद्रीणबाईंनी काढला तेव्हा त्यांनाही डोळ्यांनीच गप्प केलं. उलट रोज सकाळी घरट्याकडे बघताना तिला वाटायचं, बाई, बस आणखी थोडे दिवस. घाई काय आहे?

पण अंड्यांना कोण सांगणार? एका सकाळी पिसांतून काळी इवली डोकी वर आली. बातमी फ्योर्डपलीकडे गेली आणि दुपारपर्यंत लांगोराच्या होड्या धक्क्याला लागल्या. पिल्लं वाळली, बदकीण उठली, आणि समुद्राकडे निघाली. पाठीमागे पिल्लांची रांग.

वर समुद्रपक्ष्यांनी ते पाहिलं होतं. पिल्लं उचलायला ते घिरट्या घालू लागले. तेव्हा आयलर्टने आपली गोल्फची काठी डोक्यावर उभी धरली आणि रांगेच्या शेजारून चालू लागला. बोर्गहिल्डने दुसरी बाजू धरली. मग बघता बघता दोन्ही गावांची माणसं दुतर्फा उभी राहिली, काठ्या वर करून, आणि त्या काठ्यांच्या मांडवाखालून बाईसाहेब लेकरांना घेऊन धक्क्यापर्यंत गेल्या. मासळीची खोकी उचलणारी गाडी मधेच थांबवण्यात आली. पिल्लं एकेक करून पाण्यात पडली, आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

"आता खेळा," पाद्रीणबाई म्हणाल्या.

चेंडू पिसांच्या गादीत रुतून बसला होता, कोमट. आयलर्टने त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की लांगोराचे लोक खाकरायला लागले. मग त्याने फटका मारला. पिसांचा ढग उठला, सगळ्यांच्या तोंडात नाकात गेला, आणि त्या ढगातून दोन पिसं चिकटलेला चेंडू डुलत डुलत निघाला, काठावर जरा थबकला आणि होलात पडला.

लांगोराने आयलर्टला खांद्यावर घेतलं. कप होडीत चढला. होड्या गेल्या. बोर्गहिल्डने हरल्याबद्दल गावाची बोलणी खाल्ली, आणि ती तिला फारशी लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने मोठी किटली चढवून बसली. धक्का मोकळा होता. तिने किटलीतलं पाणी निम्मं ओतून दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिने फोन केला. त्याने हवा सांगितली. हवा चांगली होती. फोन ठेवल्यावर तिने मेंढ्या शेजारणीवर सोपवल्या, होडीचं इंजिन चालू केलं आणि फ्योर्ड ओलांडला. इतक्या वर्षांत ती फक्त अंत्यविधीला तिकडे गेली होती, आणि तेही दुसऱ्याच्या होडीतून.

आयलर्ट त्याच्या धक्क्यावर एकटाच बसून दोर वळत होता. तिला बघून उठला. हातातला दोर कुठे ठेवावा ते त्याला कळेना.

"काय गं? काही झालं का?"

"हरकत घ्यायला आलेय," बोर्गहिल्ड होडीतूनच म्हणाली. "तुझ्या चेंडूला पिसं चिकटली होती. पिसांमुळे तो हळू गेला आणि आत पडला. नुसता चेंडू असता तर काठावरून पुढे गेला असता."

आयलर्टने गंभीरपणे विचार केला. खालचा ओठ पुढे काढला, अगदी वडिलांसारखा.

"हे साधं प्रकरण नाही," तो म्हणाला. "सगळ्या बाजूंनी बघावं लागेल. एका भेटीत निकाल लागायचा नाही."

"मला घाई नाही."

"मग दोर फेक."

तिने फेकला, त्याने बांधला. त्याने केलेली आमटी पातळ होती आणि खारट, आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. त्याने बटाट्यांची टोपली आणि सुरी तिच्यापुढे सरकवली.

ती हरकत अजून निकालात निघालेली नाही. एक आठवडा ती जाते, एक आठवडा तो येतो, आणि दोघंही घरी परतल्यावर सांगतात की समोरचा माणूस ऐकायलाच तयार नाही. पाद्रीणबाईंकडे मात्र हे प्रकरण कुणीच नेलेलं नाही. त्यांनी एकदा स्वतःहून विचारलं, तेव्हा दोघं भाऊबहीण एकदमच म्हणाली की तुम्ही यात पडू नका.