कवळी आणि कॉर्नेट

टक्.

बाबांनी कवळी काढून चहाच्या बशीत ठेवली, त्याचा एवढाच आवाज. पण तोवर स्वयंपाकघरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, त्यामुळे तो घरभर ऐकू गेला. माझा नवरा विल्फ बुटांना पॉलिश करत होता, तो थांबला. मी पावावर लोणी पसरत होते, म्हणजे असलेलं लोणी सगळ्या पावांना पुरवत होते. टेबलाखाली मॉरीन आपल्या नव्या पांढऱ्या झग्याच्या लेसवरून एक बोट फिरवत बसली होती. चार वर्षांच्या पोरीला नवं कापड माहीतच नव्हतं. कपड्यांची कुपनं उठल्यानंतरचा हा पहिला व्हिट शुक्रवार: सकाळी चॅपेलची मिरवणूक, संध्याकाळी गावोगावी बँडच्या स्पर्धा. एरवी या सकाळी बाबांच्या बडबडीपुढे आम्हाला तोंड उघडायला वाव नसायचा.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दात सरकारचे, ते कशाला दुखतील? हिरडी तेवढी माझी राहिलीय. ती दुखतेय," बाबा बोळक्या तोंडानं म्हणाले.

"बाबा, बशीच घेऊन चला संध्याकाळी," विल्फ म्हणाला. "चांगला सूर लागलाय तिचा."

"तू तुझा ढोल सांभाळ. त्याला दात लागत नाहीत आणि डोकंही लागत नाही."

विल्फ हसला, बाबांनीही हसल्यासारखं केलं. पण हात बशीकडे गेला नाही.

माझे बाबा एनॉक स्कोफिल्ड आमच्या गावच्या हॉलिनशॉ बँडचे पहिले कॉर्नेट, म्हणजे ती आखूड पितळी तुतारी वाजवणाऱ्यांतले पहिले. मी जन्मायच्या आधीपासूनचे. दिवसभर गिरणीत, यंत्रांच्या अशा गदारोळात की माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची. आणि संध्याकाळी बँडच्या खोलीत. कानांनी दिवसभर जे सोसलं त्याचं उट्टं ते कॉर्नेटमधून काढत असावेत. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येकाच्या बाबांना असा एक दुसरा आवाज असतो. बोलायचा एक, जरा घोगरा, खोकला मिसळलेला. आणि दुसरा हा. पुढे कळलं की तसं नसतं. चॅपेलमधली माणसं डोळे मिटून प्रार्थना म्हणायची, पण बाबांचं कॉर्नेट लागलं की डोळे उघडायची. मी स्वतः पाहिलंय.

मग गेल्या वर्षी सरकारनं दात फुकट केले.

आमच्या बँक स्ट्रीटवर जणू जत्रा भरली. समुद्रावर सहलीला निघावं तशी माणसं दातांच्या डॉक्टरकडे रांग लावायला निघाली. दुखणारा एक दात काढायला गेलेला माणूस सगळेच काढून यायचा, कारण एकदाची कटकट मिटते. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. माझ्या आत्याचे तर लग्नाआधीच सगळे काढून टाकले होते, चांगले धडधाकट; पुढे नवऱ्याच्या मागे दातांच्या खर्चाचा ससेमिरा नको म्हणून. तिला ती लग्नाची भेट होती. बाबांचे मागचे तीन किडलेले होते. पुढचे भक्कम होते. पण शेजारच्या ऑग्डेनकाकू नवी कवळी दाखवत दारोदार हसत हिंडल्या, आणि बाबा दुसऱ्या दिवशी रांगेत. आले ते सगळे काढूनच.

डॉक्टरनं विचारलं नाही. बाबांनी सांगितलं नाही. कॉर्नेट ओठांनी वाजतं खरं, पण त्या ओठांना मागून टेकू दातांचा असतो, ही गोष्ट आमच्या खोऱ्यात पोरासोरांना ठाऊक आहे. बाबांना ठाऊक नव्हती का? होती. तरी गेले. सगळे जात होते म्हणून गेले.

हिवाळाभर ते धुण्याच्या खोलीत, कॉर्नेटच्या कर्ण्यात मोजा कोंबून वाजवत राहिले. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मी कपडे पिळत असायचे. खालचे सूर हळूहळू परतले. वर चढायला लागले की वरची कवळी सुटायची आणि सूर मध्येच विरून जायचा. मग शांतता. मग पुन्हा तेच पहिल्यापासून. मॉरीन एकदा म्हणाली, "आजोबा जिना चढतात आणि पडतात." मी तिला गप्प केलं, पण दुसरं कुणी इतकं बरोबर सांगितलं नसतं.

गेल्या मंगळवारच्या तालमीत कवळी सुटून माउथपीसवर आपटली. खणकन. विल्फ सांगत होता, कुणीही हसलं नाही. "हसले असते तर बरं झालं असतं गं एडी," तो म्हणाला. तालमीनंतर बँडमास्टर अमोस व्हाइटहेड बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "एनॉक, त्या जागेला तुला जमेलसं वाटलं नाही तर कॉर्नेट गुडघ्यापर्यंत खाली घे. शेजारचा सिरिल ती जागा उचलेल. कुणाला कळणारही नाही."

ती जागा म्हणजे आमच्या स्पर्धेच्या धुनेतली मधली. सगळा बँड दबतो, ढोल थांबतो, आणि एकटं कॉर्नेट वर वर चढत जातं. टोकाच्या सुरावर थांबतं, आणि मग बँड खालून भरून येतो.

बाबा घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "पोरी, शुक्रवारी कॉर्नेट खाली घ्यावं लागलं तर शनिवारी ते बँडच्या खोलीत परत देऊन येणार. मग घरात त्याचा विषय नको."

बाबांना कॉर्नेटवाचून मी कधी बघितलेलं नाही. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा नाही.

सकाळची मिरवणूक झाली. चॅपेलचे झेंडे, पांढऱ्या झग्यातल्या मुली, चौकात सगळ्या गावाची भजनं. बाबांनी कॉर्नेट ओठांना लावलं होतं, पण गाल हलत नव्हते. ओठ राखून ठेवत होते. मॉरीननं झग्यावर जॅम सांडला.

संध्याकाळी मात्र मला बाहेर उभं राहता येणार नव्हतं. यंदा परीक्षक आमच्या घरात होता.

मैदानासमोरच्या कुठल्या तरी घराची वरची खोली दर वर्षी त्याला देतात; यंदा आमची पाळी आली. कुठला बँड वाजवतोय ते त्याला दिसता कामा नये, कळताही कामा नये, म्हणून पडदे ओढून बसवायचं. दाराशी समितीचा एक माणूस. परीक्षकाशी कुणी बोलायचं नाही. त्याचं लिहून झालं की समितीचा माणूस पडद्याआडून शिट्टी फुंकणार, की पुढच्या बँडनं सुरू करायचं. आणि बाहेरच्या गर्दीनंही नाव घेऊन ओरडायचं नाही. आमच्या गावात त्या दिवशी दारुडेसुद्धा हे पाळतात.

मॉरीनचा भरवसा नव्हता. आजोबा दिसले की ती ठणाणा करणार, "आजोबाऽऽ!" आणि वर बसलेल्या परीक्षकाला कळणार की हाच गावचा बँड. म्हणून तिला घेऊन मी जिन्याच्या पायरीवर बसले. पुढचं दार बंद, पडदे बंद. तिच्या गालात मोठी टॉफी ठेवली. गोळ्यांवरचं रेशन नुकतंच उठलं होतं, त्यामुळे तोंड बंद ठेवायला तिची काही हरकत नव्हती.

दोन परगावचे बँड झाले. मग शिट्टी. मग रस्त्याच्या वरच्या अंगानं ढोल ऐकू आला. विल्फचा ढोल मला उशीत तोंड खुपसूनही ओळखता येतो.

"बाबांचा ढोल!" मॉरीन टॉफीतून म्हणाली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

ते चालत आले, थांबले, गोल करून उभे राहिले असणार. पावलांचा आवाज मिटला. मग धून सुरू झाली. जिन्याच्या कठड्यातून ती माझ्या पाठीत शिरत होती. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मला फक्त ती जागा हवी होती, आणि नकोही होती. कॉर्नेट वर आहे की खाली गेलंय, हे दिसायला खिडकी नव्हती. सिरिलचा सूर मला ठाऊक होता: इस्त्री केलेल्या चादरीसारखा, एक सुरकुती नाही. तो ऐकू आला की समजायचं.

बँड दबला. ढोल थांबला.

पहिला सूर लागला तो सिरिलचा नव्हता.

मी मॉरीनला घट्ट धरलं. बाबा चढत होते. पण पूर्वीसारखे नाही. पूर्वी ते टोकाच्या सुरावर असे जायचे, की खाडकन खिडकी उघडावी आणि लख्ख ऊन आत यावं. आता प्रत्येक सुरावर पाय टेकून बघत होते. एका ठिकाणी सुराला केसाएवढी भेग गेली. मला वाटलं, सुटली. सुटली कवळी. पण त्यांनी जोर केला नाही. सूर आणखी लहान केला, आणखी हलका, आणि तसाच वर नेला, हातात भरलेला पेला असावा तसा. आणि टोकाचा सूर लागला.

किती हलका सांगू. इतका हलका, की तो ऐकायला मला श्वास थांबवावा लागला. आणि मीच नव्हे. बाहेर सगळं मैदान तसंच थांबलं असलं पाहिजे, कारण वर टेकडीवर एक मेंढी ओरडली ती मला बंद दारातून ऐकू आली. तो सूर घरात होता, भिंतींत होता, माझ्या दातांत होता. मी आयुष्यभर बाबांना ऐकलंय, पण या माणसाला मी ओळखत नव्हते. धुण्याच्या खोलीत भिंतीपलीकडे हा एवढे महिने बसला होता आणि मी कपडे पिळत होते. अंगावर काटा आला आणि जाईना. मॉरीनची टॉफी गालात तशीच थांबली होती. तिचे डोळे जिन्याच्या वरच्या अंधाराकडे लागले होते, जणू आवाज तिथून येतोय.

मग बँड खालून भरून आला. ढोल जरा उशिरानंच पडला. विल्फनं नंतर शपथेवर सांगितलं की चूक त्याची नव्हती, अमोसची छडीच वर राहिली होती.

धून संपली. टाळ्या पडल्या.

परीक्षकाच्या चहाची वेळ झाली होती. मॉरीनला पायरीवर बसवून मी ट्रे वर नेला. समितीच्या माणसानं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दिव्याखाली, माझ्याच लग्नाच्या पलंगाकडे पाठ करून, परीक्षक बसला होता. टकलावर घाम, पांढरी मिशी. पुढ्यातल्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिल बाजूला ठेवली होती. खाली पुढचा बँड ताटकळत होता, समितीच्या माणसानं शिट्टी हातात धरून त्याच्याकडे पाहिलं, पण त्यानं नुसता तळवा उचलला. थांबा.

माझ्या जिभेवर आलं होतं. ते माझे बाबा होते. या बंद पडद्यापलीकडे उभे आहेत ते, आणि त्यांच्या तोंडात त्यांचा एकही दात नाही. एवढंच. तेवढं बोलले असते तर आमचा बँड बाद झाला असता. मी कप ठेवला.

"साखर नको," तो म्हणाला. मग त्यानं चष्मा काढून रुमालानं पुसला, आणि चष्म्याला पुसण्यासारखं काही नव्हतं.

मी खाली आले, मॉरीनला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं गल्लीच्या पार टोकाला पळाले. बँडची बस तिथे उभी होती. या एका संध्याकाळी त्यांना खोऱ्यातली सगळी गावं गाठायची असतात. प्रत्येक गावात नवा परीक्षक, नवा पडदा. माणसं घाईनं चढत होती. ढोल दारात अडकला होता आणि विल्फ त्याला शिव्या घालत होता.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. रुमाल ओठांवर. रुमालाला थोडं रक्त.

"एनॉक स्कोफिल्ड!" ऑग्डेनकाकू पदपथावरून ओरडल्या, कारण एवढ्या लांबून परीक्षकाला ऐकू जाणार नव्हतं. "अरे मेल्या, मला रडवलंस! माझी पावडर गेली!"

"तुझ्या कवळीला सांग," बाबा म्हणाले. "तिच्यामुळेच झालं सगळं."

सिरिल त्यांच्या हातातलं कॉर्नेट धरायला पुढे आला. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं, आणि बसमध्ये चढला. मी बाबांच्या गालाला हात लावला. गाल थरथरत होता. बराच वेळ पळाल्यावर पोटऱ्या थरथरतात तसा.

"बाबा," मी म्हटलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

त्यांनी मान हलवली. रुमालाची घडी घातली. मग जिभेनं वरची कवळी दाबून जागेवर बसवली. गालाच्या आत ती फिरताना दिसली.

"अमोस!" त्यांनी हाक मारली. "पुढे कुठं?"

"ग्रेंजली! मग अपरफोल्ड! मग खालची चार!" अमोस पुढच्या पायरीवरून म्हणाला. "चल ना लेका, तिथं बँडांची रांग लागेल!"

बाबांनी बसच्या दांडीला धरलं, क्षणभर ओठ आत ओढून मिटले, आणि चढले. बस हलली. खिडकीत त्यांचा चेहरा दिसला. ते आमच्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते.

"आजोबा कुठे गेले?" मॉरीननं विचारलं.

"ग्रेंजलीला."

"तिथे पण आत्ताचंच वाजवणार?"

"हो, तेच."

तिनं टॉफी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. बस चढावर वळली, तिचा आवाज बारीक होत गेला, आणि मैदानाकडून पुढच्या बँडसाठी शिट्टी वाजली.

"आई," ती म्हणाली, "तिथे पण येईल का त्यांना?"